पुस्तकाला कोपरा आहे का? सांगलीतल्या एका वाचनकट्ट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा वाचनकट्टा विश्रामबागेतला. 2017 साली सुरू केला तेव्हा आम्ही सहाजण होतो. हे प्रकरण घडलं जानेवारी 2024 मध्ये, तोवर पटावर 17 जण होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी साडेचारला एका सदस्याच्या बंगल्याच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात 26 वर्षं ग्रंथपाल होते. त्यामुळे पुस्तक निवडणं, प्रती मिळवणं आणि कुठली प्रत कुणाकडे किती दिवस पडून आहे याची वही ठेवणं ही कामं न सांगता माझ्याकडे आली.

रीत ठरलेली आहे. दर महिन्याला एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं पुस्तकाची ओळख करून द्यायची, मग दोन-तीन उतारे मोठ्यानं वाचायचे, मग चर्चा, शेवटी चहा आणि भडंग. उतारे वाचायचं काम मात्र पहिल्यापासून एकाच माणसाकडे होतं. ते निवृत्त मुख्याध्यापक, तरुणपणी नाटकातून कामं केलेले, खर्जातला आवाज. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो.

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना सगळा कट्टा वहिनी म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास. घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायला लागलं म्हणून 2018 मध्ये कट्ट्यावर आल्या. कमी बोलतात, पण पुस्तक पूर्ण वाचून येणाऱ्या मोजक्या लोकांतल्या. त्यांचं गाव, काम, नातं यातले काही तपशील मी बदलले आहेत. हे लिखाण त्यांनी वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खोडलं आणि मग लिहा म्हणाल्या.

पुस्तकाचं नाव देत नाही. दिलं तर चर्चा पुस्तकाचीच होईल, आणि या सगळ्यात त्या पुस्तकाचा काही दोष नाही. द्राक्षबागायतदार कुटुंबाची कादंबरी आहे. बेदाणा रॅकवर वाळत असताना अवकाळी पाऊस येतो, माल काळा पडतो, सोसायटीचं कर्ज थकतं आणि घरचा कर्ता पुरुष आत्महत्या करतो. हे सगळं पहिल्या साठ-सत्तर पानांत उरकतं. पुढची दोनशे पानं त्याच्या बायकोची आहेत. बँक, तलाठी, दीर, सातबारा. मला ती पुढची पानंच आवडली होती, म्हणून पुस्तक मीच सुचवलं. ‘आपल्याच जिल्ह्यातलं वाटतं,’ असंही वर म्हणाले होते.

पाळीच्या यादीत जानेवारी वहिनींचा होता. मी फोन केला आणि म्हणाले, "वहिनी, जरा जड आहे हो पुस्तक, पण छान आहे." त्या म्हणाल्या, "बरं मॅडम." इशारा म्हणावा तर मी त्यांना दिलेला इशारा एवढाच. जड म्हणजे भाषा जड, विषय जड की नुसतं जाडजूड, काय समजायचं ते त्यांनी समजायचं होतं.

त्या शनिवारी

तेराजण हजर होते. वहिनी दुरेघी वहीतून दहा-बारा मिनिटं बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. लेखकाची एक चूकही त्यांनी काढली. ताजी द्राक्षं रॅकवर टाकताना हात चिकट होतात असं त्यानं लिहिलंय. वहिनी म्हणाल्या, "चिकट कुठले? वाळवायच्या आधी द्राक्षं बुडवतात त्या डिपिंग ऑइलनं हात बुळबुळीत होतात. दोनदा साबण लावला तरी जात न्हाई." सगळे हसले. शिवणकाम करणाऱ्या बाईला बेदाण्याच्या शेडवरची ही गोष्ट कशी ठाऊक, असं तेरापैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

मग सरांनी उतारा वाचला. माणूस घरी आणतात तो प्रसंग. त्यांनी तो वाचला नाही, केला. दोघींनी डोळे पुसले. पुढे चर्चा सुरू झाली आणि पुस्तकावरून घसरून त्या माणसावर आली. कर्ज काय एकट्यालाच असतं का, असं कुणी म्हणालं. मागे बायकापोरांचं काय होईल याचा विचार नको का, असं दुसरं कुणी. सर म्हणाले, "भेकड. सरळ शब्द आहे, उगीच आडवळण कशाला?" मी संयोजक. मी म्हणाले, लेखकानं त्याला जरा जास्तच सहानुभूती दिलीय, आणि सरांकडे बघून मान हलवली.

वहिनींनी वही मिटली, "आलेच" म्हणाल्या आणि खाली गेल्या. बाथरूमला गेल्या असतील असं आम्ही धरलं. चहा आला, त्यांच्या कपावर साय धरली. निघायच्या वेळी जिन्याच्या तोंडाशी आमच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या चपला सापडेनात. वहिनींच्या तपकिरी चपला, डाव्या पायाचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला, तिथेच होत्या.

मी फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज टाकला, ‘चपला बदलून गेल्या वाटतं हो वहिनी!’ पुढे हसरा चेहरा. रात्री उत्तर आलं, ‘चुकून झालं. सोमवारी देते.’

साडेनऊला कट्ट्यावरच्या एकीचा फोन आला. वहिनींच्या माहेरच्या शेजारच्या गावची ती. वहिनींचा भाऊ 2013 मध्ये आत्महत्येनं गेला होता. द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, कर्ज, सगळं तेच. कसा गेला ते इथे लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. सहा वर्षं त्या आमच्यात बसत होत्या आणि बाकी कुणाला यातलं काही माहीत नव्हतं.

पहिले आठ दिवस

या आठ दिवसांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण चुका इथेच झाल्या.

पहिला प्रश्न होता, वहिनींकडे जायचं की नाही. मी ठरवलं, आत्ता नको, त्यांना त्रास होईल. खरं सांगायचं तर मलाच भीती वाटत होती. जाऊन बोलायचं काय? त्याऐवजी मी ग्रंथपालाला जमतं तेच केलं. व्यवस्था लावायला घेतली. सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावरच्या चौघांना घरी बोलावलं. सर, डॉक्टरीणबाई, सगळ्यांत जुन्या सदस्य असलेल्या 81 वर्षांच्या आज्जी, आणि जिनं फोन केला होता ती. समोर चार मार्ग होते.

पहिला मार्ग, असली पुस्तकं घ्यायचीच नाहीत. हा पाच मिनिटांत निकालात निघाला. मरण, मारझोड, उपासमार, बलात्कार, जातीचा जाच, एवढं वगळलं तर आपल्या कपाटात प्रवासवर्णनं आणि पाककृती उरतील. पुस्तकातल्या आईच्या मरणावर रडल्याशिवाय मराठी घरातलं मूल मोठं होत नाही.

दुसरा सरांचा. काहीच करायचं नाही. "चटका बसू नये असं वाचायचं असेल तर पंचांग वाचावं," असं ते म्हणाले. हसू आलं, पण त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. आधीच सगळं सांगून टाकलं तर कादंबरीनं वाचकाला बेसावध गाठायचं कधी?

तिसरा माझा. प्रत्येकानं मला एकटीला, एखाद्या फॉर्मवर, कुठले विषय सोसत नाहीत ते कळवायचं. डॉक्टरीणबाईंनी तो हाणून पाडला. "दार बंद करून बसलं तरी पेशंट पहिल्या भेटीत मला खरं सांगत नाही. तुमच्या गूगल फॉर्मवर सांगेल?" शिवाय तेवढ्या सगळ्यांची दुखणी माझ्या फोनमध्ये ठेवायची, हेही मला नंतर भयंकर वाटलं.

चौथा, चिठ्ठी. पुस्तक हातात देतानाच आत कशाचं वर्णन आहे ते सांगणारा कागद पहिल्या पानाला लावायचा. इंग्रजी पुस्तकांच्या जगात याला ट्रिगर वॉर्निंग म्हणतात. डॉक्टरीणबाईंची मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिनं एक शोधनिबंध पाठवला होता. व्हिक्टोरिया ब्रिजलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 अभ्यास एकत्र तपासले, तो निबंध 2023 मध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. निष्कर्ष चिठ्ठीच्या बाजूचा नाही. अशा इशाऱ्यानं मजकूर वाचताना होणारा त्रास कमी होत नाही. इशारा वाचून लोक तो मजकूर टाळतात असंही दिसत नाही. उलट वाचायच्या आधीची धाकधूक तेवढी वाढते.

सर खूश झाले. म्हणाले, "बघा. इशारा दिला म्हणून पाणी थांबतं का?" सांगलीत ही उपमा सुचायला वेळ लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. फोन करणारी ती म्हणाली, "पाणी नाही थांबत सर, पण सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो."

इतका वेळ गप्प असलेल्या आज्जी मग बोलल्या. "आमच्या वेळी मयताचं कार्ड आलं की त्याचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन लांबनंच दाखवायचा. कोण गेलं ते आत वाचल्यावरच कळणार. पण कोपरा बघितला की बाईमाणूस आधी भिंतीला टेकून बसायचं, पोरं बाजूला घ्यायचं, मग वाचायचं." त्या निबंधाला याहून चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. फाडलेल्या कोपऱ्यानं दुःख कमी झालं असं आज्जी म्हणाल्याच नव्हत्या.

चिठ्ठी ठरली. मी उत्साहानं फेब्रुवारीच्या पुस्तकाची तयार केली. लाल शाईत, चौदा ओळींची. तिच्यात कथानकाचा शेवट फुटला होता, आणि एका ओळीत एक पात्र जीव कसं देतं हेही मी सविस्तर लिहून ठेवलं होतं. सावधगिरीच्या नावाखाली सगळ्यांत नको तोच तपशील मी पहिल्या पानावर डकवला.

चपला

डॉक्टरीणबाईंच्या चपला सोमवारी एका मुलाच्या हातून परत आल्या. वहिनींच्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. नवव्या दिवशी त्या कापडी पिशवीत घालून मी गेले. चपला नसत्या तर गेले असते की नाही, शंका आहे.

वहिनी मशीनवर होत्या. शेजारी खुर्चीवर लग्नसराईच्या ब्लाउजांची चळत, प्रत्येकाला टाचणीनं मापाचा कागद. "बसा मॅडम, एवढी बाही लावते," म्हणाल्या. बाही लावली, दोरा तोडला, चहा ठेवला. मी पाठ करून नेलेलं वाक्य म्हटलं. पुस्तक असं आहे हे आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, वगैरे.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "पुस्तकानं मला काय झालं न्हाई."

त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. पहिल्यांदा वाचताना साठाव्या पानाच्या पुढे जाईनात, तेव्हा पुस्तक गव्हाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी दळणाला गहू काढताना ते हाताला लागलं. मग स्वयंपाकघरातला दिवा लावून, ओट्याला टेकून, चार रात्रींत पूर्ण केलं. "त्यातली ती बाई माझ्या भावजयीसारखी बोलती. माझ्यासारखी बी. दहा वर्षांत आमच्यात कुणी त्याचं नाव काढत न्हवतं. पुस्तकात एवढं लिहिलेलं बघून बरं वाटलं मला."

मग?

"सर भेकड म्हणाले. आमचा दादा तीस फूट विहिरीत उतरून गाळ काढायचा, दोरीला धरून. भेकड व्हय तो?" थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि तुम्ही मान हलवली."

मी पर्समधून फेब्रुवारीची चिठ्ठी काढून दाखवली. का दाखवली कुणास ठाऊक, काहीतरी केलंय एवढं तरी दिसावं म्हणून असेल. त्यांनी चौदाच्या चौदा ओळी वाचल्या आणि कागद परत दिला. "ही पुस्तकाला कशाला लावताय? पुस्तक गप बसतंय की."

मी विचारलं, आधी विषय सांगितला असता तर पाळी बदलून घेतली असती का? त्यांनी खरंच विचार केला. बदलली नसती, म्हणाल्या, पण पुढची मागितली असती. दादाचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीत येतं. त्याच्या आधीचे पंधरा दिवस त्या नवीन कामही घेत नाहीत. "मार्चमध्ये दिलं असतं तर सरांना उत्तर बी दिलं असतं."

निघताना दारात त्यांनी विचारलं, "आता सगळ्यांना म्हाईत झालं न्हवं?" मी गप्प राहिले, त्यावरून त्यांना काय ते कळलं.

पुन्हा विचार, पुन्हा निर्णय

आठ दिवस आम्ही चुकीच्या जागी मलम लावत होतो. आम्ही धरून चाललो की वहिनींना पुस्तकानं दुखावलं. पुस्तक त्यांनी आपल्या वेगानं, आपल्या स्वयंपाकघरात, हवं तेव्हा झाकण लावून पचवलं होतं. झाकण लावता येत नव्हतं ते आमच्या बोलण्याला.

मिरजेतल्या एका समुपदेशकांशी मी फोनवर बोलले. नाव-गाव न सांगता. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे सगळं करण्याआधी त्यांना विचारलं होतं का?" मग चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली आणि ती एक ओळ तात्काळ काढायला लावली. विषयाचं नाव घ्यायचं, पद्धतीचं वर्णन करायचं नाही. आत्महत्येचा विषय असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर खाली द्यायचा. तिथे मराठीत, कुठल्याही वेळी बोलता येतं. चर्चेबद्दल त्या म्हणाल्या, पुस्तकातल्या माणसाला जे घडलं ते या खोलीत कुणाच्या तरी घरी घडलेलं आहे असं धरूनच बोला, बहुतेक वेळा ते खरंच निघतं.

मार्चपासून हे सुरू केलं. चिठ्ठी तीन ओळींची, काळ्या शाईत, पान क्रमांकांसह. कुठला उतारा मोठ्यानं वाचायचा, कुणी वाचायचा, की वाचायचाच नाही, हे ज्याची पाळी तो ठरवणार. पाळी बदलून हवी असेल तर कारण द्यायचं नाही, मला ‘पुढची’ एवढाच मेसेज टाकायचा. मध्येच उठून जाणाऱ्याला कुणी थांबवायचं नाही, पण दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई सहज पाणी प्यायला खाली उतरणार. दाराजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या. पात्रांना विशेषणं लावायला बंदी घालावी का, यावर बराच खल झाला. बंदी घातली नाही. ज्यानं ‘भेकड’, ‘वेडी’, ‘तसली बाई’ असं म्हटलं त्यानं पुस्तकातलं पान काढून दाखवायचं, एवढं ठरलं. आश्चर्य म्हणजे पान शोधता शोधता निम्मी विशेषणं गळून पडतात.

सरांकडे मी एकटी गेले. त्यांना सोमवारच्या बैठकीतच सगळं कळलं होतं, तरी त्यांच्या त्या एका शब्दावर तोवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "मला आधी माहीत असतं तर बोललो नसतो," म्हणाले. मी म्हटलं, सर, आधी कधीच माहीत नसतं. त्यांनी वहिनींना आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. एप्रिलनंतर सर कट्ट्यावर येईनासे झाले. प्रत्येक शब्द तराजूत घालून बोलायचं तर साहित्यचर्चा कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते गेले याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या आवाजाशिवाय उतारे सपाट वाटतात, आणि कडक मत मांडणारा माणूस नसला की चर्चेत सगळेच एकमेकांना होकार देत बसतात. आणखी एकजण त्यांच्यापाठोपाठ गेले.

पुढे काय झालं

वहिनी मेमध्ये आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, काही बोलल्या नाहीत, भडंग खाऊन गेल्या. आता साधारण एकाआड एक महिना येतात. पूर्वी एकही चुकवत नव्हत्या.

आज्जींमुळे चिठ्ठीला ‘कोपरा’ हेच नाव पडलं. "या महिन्याच्या पुस्तकाला कोपरा आहे का?" असं लोक विचारतात. दोघींनी कोपरा बघून पुस्तक नेलं नाही, पण चर्चेला आल्या. एकीनं तो बघूनच मुद्दाम मागून नेलं. एक महाशय पान क्रमांक दिल्यामुळे थेट त्याच पानावर जातात, हेही नोंदवून ठेवते. आमचा अनुभव त्या 12 अभ्यासांच्या विरोधात जात नाही. त्रास कमी झाला असं कुणी म्हटलेलं नाही. आपल्याला कुणीतरी आधी विचारलं, एवढं बऱ्याचजणींनी म्हटलं.

व्यवस्था बसली असं वाटत असताना जुलैमध्ये ती कोसळली, आणि तीही एका विनोदी कथासंग्रहावर. त्याला कोपरा लावायचं कारणच नव्हतं. प्रत जुनी होती, 2019 च्या पुरात भिजून पंख्याखाली वाळवलेली. पानं पापडासारखी लहरत होती आणि खालच्या कडेला गाळाची पिवळट रेघ होती. ती गेली नदीकाठच्या गावभागात राहणाऱ्या एका काकूंकडे. त्या ऑगस्टमध्ये नदी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली होती आणि काकू चार दिवस वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माझ्या दारात. "वास," एवढंच म्हणाल्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या. बाहेर पाऊस होता आणि पाणीपातळीचे मेसेज फिरायला लागले होते. गोष्ट एकही वाचली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आघाताची आठवण विषयापेक्षा वासानं, आवाजानं, अंगावरच्या स्पर्शानं लवकर उसळते, हे त्यांच्या शास्त्रात जुनंच आहे. मला वहिनींचे ते बुळबुळीत हात आठवले. त्या काकूंसाठी आम्ही नवी प्रत घेतली. भिजलेल्या प्रती मी अजून टाकलेल्या नाहीत, पण कुणाला देताना आधी सांगते.

आज असतं तर

फोनवर ‘जड’ म्हणाले नसते. ‘वहिनी, यात शेतकऱ्याची आत्महत्या आहे, पाळी आत्ता घेणार की पुढे?’ या वाक्याला दहा सेकंद लागतात.

डिपिंग ऑइलच्या वाक्यावर हसण्याऐवजी विचारलं असतं. की नसतं? चारचौघांत विचारणं हाही एक प्रकारचा जाचच. चहाच्या वेळी, बाजूला घेऊन विचारायला हवं होतं असं आता वाटतं. आणि त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं असतं तर तिथेच सोडून द्यायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी चपला घेऊन गेले असते. हसरा चेहरा टाकला नसता.

सगळ्यांत मोठी चूक ती सोमवारची बैठक. ज्या बाईनं सहा वर्षं एक गोष्ट आपल्याजवळ ठेवली होती, ती तिच्या भल्यासाठी म्हणून मी दोन दिवसांत चार जणांसमोर मांडली. एकीला आधीच माहीत होतं, तिघांना माझ्यामुळे कळलं. चिठ्ठी हवी की नको हे ठरवायला वहिनींचं नाव घ्यायची काही गरज नव्हती. याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या. ते असू देण्यासारखं होतं असं मला वाटत नाही.

सरांना आधी भेटायला हवं होतं का, यावर माझं मत अजून ठरत नाही.

या महिन्यात कट्ट्यावर एक नवीन मुलगी येते आहे, तिच्याबद्दल आम्हाला काहीच माहिती नाही. पाळी वहिनींची. या वेळी कोपराही त्यांनीच लिहिला आहे, शिलाईच्या हिशेबाच्या वहीचं पान कापून: ‘पान 88 ते 97, लहान मुलाचा आजार आणि मृत्यू. ही पानं सोडली तरी पुढची गोष्ट कळते. मी या पानांतलं मोठ्यानं काही वाचणार नाही.’